रँकिंग वाढलं, धंदा तेवढाच. मग दर महिन्याचा एसईओ रिपोर्ट हवाच कशाला?

कोरीपाटी :
मंडळी, जरा वादाचंच बोलतो. छोट्या व्यवसायांनी दर महिन्याला एसईओचा, म्हणजे साइट गूगल सर्चमध्ये वर आणण्याच्या कामाचा, रिपोर्ट मागवणं बंद करावं असं माझं स्पष्ट मत झालंय, आणि मी याच कामात आहे म्हणूनच म्हणतोय. रिपोर्ट उघडला की हिरवे बाण, इम्प्रेशन (साइट सर्चमध्ये किती वेळा दिसली) वाढले, ॲव्हरेज पोझिशन (सरासरी कितव्या नंबरवर दिसली) सुधारली, सेशन (साइटवरच्या भेटी) वाढले, आणि मालक विचारतो की बरं मग चौकशीचे फोन का वाढले नाहीत, तर त्याचं उत्तर त्या सगळ्या पानांत कुठेच सापडत नाही.

सप्टेंबर २०२५ आठवतोय ना? सर्चच्या एका पानावर १०० रिझल्ट दाखवणारा यूआरएलमधला पॅरामीटर (पत्त्याला जोडायची खूण) गूगलने चालू द्यायचं बंद केलं. रँक तपासणारी टूल्स तोच वापरून पार खालपर्यंतचे रिझल्ट एका दमात ओढायची, आणि त्यांची ती ये-जा आपल्या सर्च कन्सोलमध्ये (साइट सर्चमध्ये कशी दिसते ते सांगणारं गूगलचं टूल) इम्प्रेशन म्हणून पडत होती, हा बहुतेकांनी काढलेला निष्कर्ष. ते थांबल्यावर कित्येक साइट्सचे डेस्कटॉप इम्प्रेशन धाडकन खाली आले, खालच्या नंबरांची नोंदच गेल्याने ॲव्हरेज पोझिशन मात्र आपोआप सुधारली, आणि क्लिक जिथल्या तिथे! त्या महिन्यात "आमच्या कामामुळे पोझिशन सुधारली" असं लिहिलेले रिपोर्ट मी स्वतः पाहिलेत. असल्या आकड्यांवर पुढच्या वर्षाचं बजेट ठरवायचं? मला नाही पटत.

मोजपट्टी :
तुमचा राग रिपोर्ट बनवणाऱ्यांवर आहे आणि शिक्षा मोजण्याला देताय. अख्ख्या साइटची ॲव्हरेज पोझिशन मुळात बघायचीच नसते हो. तुमची पानं नवीन नवीन क्वेरींना (लोक सर्चमध्ये टाकतात ते शब्द) साठाव्या-सत्तराव्या नंबरवर दिसायला लागली की सरासरी बिघडते, खरं तर ती चांगली बातमी असते. एक पान घ्या, त्यावर एक क्वेरी फिल्टर करा, आणि मग पोझिशन, इम्प्रेशन, सीटीआर (दिसल्यापैकी किती वेळा क्लिक झालं) बघा, तेव्हा त्या आकड्याला काही अर्थ येतो.

उदाहरण देतो. पाण्याचे फिल्टर विकणाऱ्या एका साइटचं काम होतं. सगळ्यात जास्त क्लिक "फिल्टर घरी कसा साफ करायचा" या लेखाला, आणि मालकाचा आग्रह की असेच अजून लेख लिहा. जीए४ मध्ये (गूगल ॲनालिटिक्स ४, साइटवरच्या भेटी मोजणारं टूल) लँडिंग पेजप्रमाणे, म्हणजे माणूस आधी ज्या पानावर उतरला त्याप्रमाणे, खरेदी लावून बघितली तर त्या लेखावरून आलेला माणूस वाचून निघून जातोय, आणि ऑर्डरी येतायत कार्ट्रिजच्या मॉडेल नंबरच्या रुक्ष पानांवरून, ज्यांना क्लिक अगदी किरकोळ. सरळ आहे, मॉडेल नंबर टाइप करून शोधणाऱ्याच्या घरात फिल्टर आहे, कार्ट्रिज संपलंय आणि त्याला आजच हवंय. मग आम्ही लेख थांबवले आणि प्रत्येक मॉडेलचं नीट पान केलं, फोटो, माप, कुठल्या फिल्टरला बसतं ते सगळं. आता हे नुसतं ग्राहकाशी गप्पा मारून कळलं असतं असं म्हणायचंय का तुम्हाला?

कोरीपाटी :
@मोजपट्टी हो, कळलं असतं! ऑर्डरींची यादी उघडली असती तर कार्ट्रिजच जास्त खपतायत हे दिसलंच असतं की.

मोजपट्टी :
काय खपतंय ते दिसलं असतं, पण तो माणूस कुठला शब्द शोधत कुठल्या पानावर उतरला हे ऑर्डरीच्या यादीत नसतं. आणि लेख कुचकामी आहेत हे तर मुळीच दिसलं नसतं, कारण जे घडलं नाही त्याची नोंद यादीत कुठून येणार.

टॅगवाला :
दोघांचंही वाचलं. माझा अनुभव असा की निम्म्या वेळा वाद घालण्यालायक डेटाच नसतो, कारण सेटअपच गंडलेला असतो. परवाचंच बघा, एका ठिकाणी खरेदीचा इव्हेंट (खरेदी झाल्याची जीए४ मधली नोंद) "धन्यवाद" पानावर लावलेला, पण त्यात ऑर्डरीचा आयडी पाठवतच नव्हते. लोक पावतीसाठी तेच पान पुन्हा उघडतात, रिफ्रेश मारतात, प्रत्येक वेळी नवी खरेदी मोजली जाते. आयडी पाठवला असता तर जीए४ ने डुप्लिकेट गाळले असते. मार्केटिंगवाले खूश, अकाउंटवाले डोकं धरून, आणि कुणी एकमेकांचे आकडे जुळवून बघितलेच नाहीत.

आणि त्या एंगेजमेंट रेटचं, म्हणजे किती टक्के सेशन एंगेज्ड ठरले त्याचं, कौतुकही जरा आवरा. १० सेकंदांपेक्षा जास्त टिकला, किंवा दोन पानं बघितली, किंवा एखादा की इव्हेंट (आपण महत्त्वाची ठरवलेली कृती) झाला की सेशन एंगेज्ड. बाउन्स रेट म्हणजे त्याच्या नेमकं उलट, जीए४ च्या पूर्वीच्या आवृत्तीतला, युनिव्हर्सल ॲनालिटिक्समधला, बाउन्स रेट वेगळा होता. तरी लोक २०२३ च्या आधीचे जुने आकडे याच्या शेजारी ठेवून "बाउन्स रेट निम्म्यावर आणला" म्हणतात. काय बोलणार!

अजून एक, फुकटच्या जीए४ मध्ये एक्सप्लोरेशनसाठी (स्वतः खोलात जाऊन बनवायचे रिपोर्ट) डेटा साठवायची मुदत सुरुवातीला २ महिनेच असते, सेटिंगमध्ये जाऊन १४ करावी लागते. सर्च कन्सोल १६ महिने देतं. गेल्या वर्षीच्या सीझनशी तुलना करायची वेळ येते तेव्हा सगळ्यांना ही सेटिंग आठवते 😀

शून्यक्लिक :
मी कोरीपाटींच्या बाजूने, पण कारण वेगळं. ज्या क्लिकवर हे सगळं उभं आहे तो क्लिकच आटत चाललाय. मे २०२४ पासून गूगलने अमेरिकेत एआय ओव्हरव्ह्यू (सर्चच्या वरच दिसणारं एआयने लिहिलेलं उत्तर) सुरू केलं आणि मग बाकी देशांत नेलं, माणसाला उत्तर वरच मिळतं, तो तुमच्या साइटवर येतच नाही. आला तरी तुम्हाला कळेल याची खात्री नाही, कारण व्हॉट्सॲपवर कुणी लिंक पाठवली आणि त्यावर यूटीएम (भेट कुठून आली ते सांगणारी लिंकमधली खूण) नसेल तर ती भेट बहुतेक डायरेक्टमध्ये (कुठून आली ते न कळलेल्या भेटींत) जाऊन पडते, कुकीची (ब्राउझरमध्ये राहणारी ओळखीची खूण) परवानगी नाकारली तर अजून वेगळाच गोंधळ, सफारी तर स्क्रिप्टने टाकलेली कुकी ७ दिवसांत पुसतं. म्हणजे महिनाभर विचार करून घेणारा ग्राहक तुमच्या रिपोर्टात दोन वेगळी माणसं म्हणून दिसतो.

आणि ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटचा किस्सा सगळ्यांनी वाचावा. २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाच्या कीवर्डवरच्या सर्च जाहिराती बंद करून बघितल्या. काय झालं? लोकांनी खालच्या फुकटच्या लिंकवर क्लिक केलं आणि जवळपास सगळी ट्रॅफिक तशीच येत राहिली. तोवर रिपोर्टमध्ये त्या जाहिराती सोन्याची खाण दिसत असणार, कारण ईबे असं टाइप करणारा माणूस तिथे जाणारच होता, मध्ये उभं राहून श्रेय जाहिरातीने घेतलं. लास्ट क्लिकचा, म्हणजे शेवटच्या क्लिकला सगळं श्रेय द्यायचा, खेळ हा असा असतो.

मोजपट्टी :
@शून्यक्लिक अहो पण हे त्यांना कळलं कशाने? मोजूनच ना! जाहिरात बंद करायची, चालू ठेवलेल्या भागाशी तुलना करायची, हेच तर मोजणं. आणि तो अभ्यास अर्धाच सांगू नका. त्यातच हेही निघालं की जे नवीन आहेत किंवा क्वचित खरेदी करतात त्यांच्यावर ब्रँडचं नाव नसलेल्या कीवर्डच्या जाहिरातींचा परिणाम होतो, नेहमीच्या गिऱ्हाइकांवर होत नाही. ज्या साइटचं नाव अजून कुणाला ठाऊकच नाही तिने ईबेची नक्कल करून जाहिराती बंद करायच्या का? सांगा.

कोरीपाटी :
प्रयोगाला माझा विरोध नाहीच, माझं भांडण डॅशबोर्डशी, म्हणजे सगळे आकडे एकत्र दाखवणाऱ्या पानाशी, आहे. प्रयोग म्हणजे आधी प्रश्न, मग आकडा. डॅशबोर्डमध्ये आधी आकडा दिसतो आणि मग त्याला शोभेल अशी गोष्ट रचली जाते. शिवाय छोट्या साइटला महिन्याला जेमतेम चार ऑर्डरी आल्या आणि पुढच्या महिन्यात सहा, तर त्याला कुणी ५० टक्के वाढ म्हणू नये, तो नुसता योगायोग असू शकतो. एवढ्याशा ट्रॅफिकवर ए/बी टेस्ट (पानाची दोन रूपं दाखवून तुलना) करणाऱ्यांना तर मी लांबूनच नमस्कार करतो.

रात्रपाळी :
मी तुमच्या धंद्यातला नाही, मी तो बिचारा मालक 😅 साइट स्वतःच सांभाळतो, दिवसभराचं काम आटपून रात्री बसतो. सगळं वाचून एवढंच कळलं की जे बघतो ते बघू नये. मग बघू काय? मी तर ऑर्डरीच्या फॉर्ममध्ये "आमच्याबद्दल कुठून कळलं" असा रकाना टाकलाय, तो पुरे का?

शून्यक्लिक :
पुरे! मोजणीसाठी साइटवर लावतात त्या कुठल्याही टॅगपेक्षा तो बरा.

टॅगवाला :
पुरे नाही हो. त्या रकान्यात माणसं "गूगल" लिहून मोकळी होतात, मित्राने नाव सांगितलेलं असतं आणि गूगलवर फक्त ते नाव टाइप केलेलं असतं. ठेवा तो रकाना, पण शेजारी सर्च कन्सोलमध्ये तुमच्या नावाच्या क्वेरी आणि बाकीच्या क्वेरी वेगळ्या काढून बघा. नावाने शोधणारे वाढत असतील तर ते काम एसईओवाल्याचं नाही, तुमच्या मालाचं किंवा कुणीतरी केलेल्या शिफारशीचं आहे. बाकीच्या क्वेरींचे क्लिक वाढले तर त्याला शाबासकी द्या, आणि त्यातून ऑर्डर किती आली हे तुमच्या बिलांशी ताडून बघा, जीए४ वर एकट्यावर विसंबू नका.

कोरीपाटी :
हे तीन महिन्यांतून एकदा केलं तरी चालेल. दर महिन्याला कशाला?

मोजपट्टी :
तीन महिन्यांनी बघाल आणि मधेच एखाद्या डेव्हलपरने नवं डिझाइन चढवताना नोइंडेक्स (हे पान सर्चमध्ये घेऊ नका अशी गूगलला दिलेली सूचना) तसाच राहू दिला असेल तर? पानं सर्चमधून गळत जातील आणि तुम्हाला तिमाही संपल्यावर कळेल. हे मी एकदा नाही, बऱ्याचदा पाहिलंय.

@रात्रपाळी, रोज बघू नका, पण आठवड्यातून एकदा सर्च कन्सोलमधला पेज इंडेक्सिंगचा (कुठली पानं गूगलच्या यादीत आहेत त्याचा) रिपोर्ट उघडा, इंडेक्स झालेल्या पानांचा आकडा अचानक खाली आला नाही ना एवढंच. दुसरं, एक वही करा. कुठल्या तारखेला पानाचं टायटल (सर्चमध्ये दिसणारं शीर्षक) बदललं, किंमत बदलली, नवं पान टाकलं, जाहिरात थांबवली, सगळं त्यात लिहा, नाहीतर आलेख वरखाली झाला की तुम्ही आणि तुमचा एसईओवाला दोघंही अंदाजच करत बसाल. आणि सीटीआर कमी दिसला म्हणून लगेच टायटल बदलायला जाऊ नका. आधी स्वतः सर्च करून बघा, गूगल बऱ्याचदा आपलं टायटल बाजूला ठेवून स्वतःचंच काहीतरी दाखवतं, तुम्ही जे सुधारायला बसलाय ते लोकांना दिसतच नसेल.