शब्दचर्चा: ‘गॉथ’ कोण, ‘गॉथिक’ काय, आणि मध्येच हापूस

चौकस:
परवा भाचीला घेऊन सीएसएमटी बघायला गेलो होतो. गाइड सांगत होता, ही व्हिक्टोरियन गॉथिक शैली. भाचीचा टी-शर्ट काळा, नखं काळी, काजळ इतकं की डोळे शोधावे लागतात. ती म्हणाली, ‘‘मामा, मीपण गॉथच आहे.’’ घरी येऊन शब्दकोश उघडला तर तिसराच अर्थ निघाला: रोमवर चालून गेलेले एक प्राचीन लोक. स्टेशन, काजळ आणि रोम यांचं नेमकं नातं काय? आणि ते मूळ गॉथ आता कुठे आहेत?

मुळाक्षर:
नातं एका शिवीतून जुळलं. सोळाव्या शतकात इटलीत वासारी नावाचा चित्रकार-लेखक होऊन गेला. रोमन गोल कमानीवर त्याचा जीव. मध्ययुगातली टोकदार कमानींची चर्चं बघून त्याने नाक मुरडलं आणि हे गॉथांचं काम असं म्हटलं. आपण ‘काय हा अडाणीपणा’ म्हणतो तसं. नाव चिकटलं. प्रत्यक्षात त्या शैलीची सुरुवात ११४०च्या सुमारास पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या चर्चमध्ये झाली. तोवर गॉथांचं शेवटचं राज्य बुडून चारशेहून जास्त वर्षं लोटली होती.

पुढे अठराव्या शतकात असल्या जुन्या, पडक्या वास्तूंत घडणाऱ्या भयकथा लिहिल्या जाऊ लागल्या, त्यांना ‘गॉथिक’ म्हणायला लागले. तिथून १९८०च्या आसपास इंग्लंडमधल्या उदास गाण्यांच्या आणि काळ्या कपड्यांच्या पोरांना ‘गॉथ’ हे नाव पडलं. थोडक्यात, तुमची भाची आणि सीएसएमटी चुलत बहिणी. मूळ गॉथांशी दोघींचाही संबंध फक्त नावापुरता.

चौकस:
बरं, शैलीचं कळलं. माणसांचं काय? आले कुठून, गेले कुठे?

मुळाक्षर:
आले कुठून, यावर त्यांच्याच गोतावळ्यातल्या योर्डानेस नावाच्या लेखकाने इ.स. ५५१च्या सुमारास लिहून ठेवलंय. उत्तरेकडच्या ‘स्कांद्झा’ बेटावरून, म्हणजे स्कँडिनेव्हियातून, तीन जहाजांत बसून गॉथ निघाले. त्या बेटाला तो राष्ट्रांचा कारखाना म्हणतो. वाचायला झकास, पण तो हे लिहितोय कॉन्स्टँटिनोपलमध्ये, त्या कथित प्रवासानंतर कित्येक शतकांनी. ठोस पुरावा बघायचा तर इ.स.च्या पहिल्या शतकात पोलंडमधल्या व्हिस्तुला नदीच्या खालच्या भागात ते होते. रोमन इतिहासकार टॅसिटसने तिथल्या ‘गोतोनेस’ लोकांचा उल्लेख केलाय. तिसऱ्या शतकात ते काळ्या समुद्राच्या उत्तरेला दिसतात.

मग हूणांचा रेटा आला. ३७६ साली त्यांच्यातले बरेचजण आश्रयाला म्हणून डॅन्यूब ओलांडून रोमन हद्दीत शिरले. रोमन अधिकाऱ्यांनी त्यांची उपासमार केली, लुबाडलं. दोन वर्षांत एड्रियानोपलच्या लढाईत सम्राट वालेन्स त्यांच्याच हातून मेला. ४१०मध्ये अलारिकने रोम लुटलं. एक शाखा इटलीत राज्य करून ५५०च्या दशकात संपली. दुसरी, व्हिसिगॉथ, स्पेनमध्ये ७११पर्यंत टिकली.

पण टिकली म्हणजे राजे टिकले. मुळात ते मूठभर, प्रजा लॅटिन बोलणारी. ५८९मध्ये राजा रेकारेदने आपला वेगळा एरियन हा ख्रिस्ती पंथ सोडून कॅथलिक पंथ स्वीकारल्याचं तोलेदोच्या परिषदेत जाहीर केलं, आणि ‘आम्ही’ आणि ‘ते’ यांच्यात उरलेला बांधही वाहून गेला. दुधात साखर विरघळल्यावर साखरेचे वंशज शोधणार कसे?

पांथस्थ:
स्वीडनवाले तर सांगतात की आम्हीच ते. त्यांच्या राजाच्या बिरुदात १९७३पर्यंत ‘गॉथांचा राजा’ होतं.

मुळाक्षर:
हो, आणि त्यावरून मानापानही झालाय! १४३४ साली बाझलच्या धर्मपरिषदेत स्वीडनच्या बिशपने मागणी केली की आमचा राजा गॉथ राजांचा वारस, तेव्हा आम्हाला बसायला मानाची जागा द्या. स्पेनमधल्या कास्तिल राज्याचे लोकही स्वतःला गॉथांचे वारस म्हणवत. त्यांनी उत्तर दिलं की शूर होते ते बाहेर पडले आणि आमच्याकडे आले. घरी बसून राहिले ते तुमचे. लग्नातली वरमायांची जुगलबंदी आठवली.

शब्दवेडी:
भाषा कुठेच उरली नाही का? मी ऐकलं होतं की क्रिमियात होती.

मुळाक्षर:
होती, आणि या धाग्यातला माझा सगळ्यात आवडता भाग तोच. मुख्य गॉथिक आपल्याला कळते ती चौथ्या शतकातल्या वुल्फिला या बिशपच्या बायबल-भाषांतरामुळे. (वुल्फिला म्हणजे लांडग्याचं पिल्लू. काय नाव आहे!) त्याची जांभळ्या चर्मपत्रावर चांदी-सोन्याच्या शाईने लिहिलेली प्रत स्वीडनमधल्या उप्सालाला आहे.

क्रिमियातले गॉथ मात्र या सगळ्यांच्या मागे राहिले आणि फार उशिरापर्यंत बोलत राहिले. १५६०च्या सुमारास इस्तंबूलमध्ये बुस्बेक नावाचा फ्लेमिश वकील होता. दरबारातला वकील, कोर्टातला नव्हे. त्याला क्रिमियातली दोन माणसं भेटली. एक उंच, दिसायला थेट त्याच्या मुलखातला, पण आपली बोली साफ विसरलेला. दुसरा बुटका, सावळा, जन्माने ग्रीक, पण गॉथांशी येऊन-जाऊन त्यांची बोली शिकलेला. बुस्बेकने ऐंशीच्या आसपास शब्द लिहून घेतले ते या दुसऱ्याकडून. वंश एकाकडे, भाषा दुसऱ्याकडे.

त्यातले आकडे मोठ्याने वाचा: इता, तुआ, त्रिआ, फिडर, फ्युफ, साइस, सेवेने, आठे, नीने, थीने. ‘आठे’ला मी दचकलो होतो. आपला ‘आठ’ संस्कृत ‘अष्ट’वरून, त्यांचा ‘आठे’ जुन्या ‘अहताउ’वरून, खापरपणजी एकच. आणि शंभरला ‘सदा’, हजारला ‘हजेर’! हे दोन मात्र घरचे नाहीत, शेजारच्या इराणी भाषांकडून उसने. आपला ‘हजार’ फारसीतून आला, त्यांचा ‘हजेर’ही त्याच कुळातून.

शब्दवेडी:
बायबलमधला ‘अत्ता उन्सर’, म्हणजे ‘आमच्या बापा’, तोही छान आहे. ‘अत्ता’ म्हणजे बाप, तर आपली आत्या?

मुळाक्षर:
नाही हो. हे बाळबोलीतले शब्द, जगभर असे आपोआप तयार होतात. खरे नातलग हवेत तर गॉथिक ‘युक’ आणि बैलाच्या मानेवरचं ‘जू’ घ्या, ‘विदुवो’ आणि ‘विधवा’ घ्या.

‘वंशज’ हा शब्द खरोखर कुणाला शोभत असेल तर गॉथांच्या शेजारच्या, इराणी भाषा बोलणाऱ्या अ‍ॅलन लोकांना. व्हँडल टोळ्यांबरोबर ऱ्हाइन ओलांडून गेलेले अ‍ॅलन कधीच विरले, पण कॉकेशसमध्ये राहिलेल्यांची भाषा ओसेटियन या नावाने आजही घराघरांत बोलली जाते. तिथे शंभरला अजून ‘सॅदॅ’ म्हणतात.

वसईवाला:
आम्ही रॉड्रिग्ज. आमच्या आडनावात गॉथ आहेत म्हणतात ते खरं का?

मुळाक्षर:
आडनावात आहेत. ‘रोद्रिगो’ हे गॉथांचं नाव: कीर्ती अधिक ‘रीक्स’, म्हणजे सत्ताधीश. हा ‘रीक्स’ केल्टिक लोकांकडून घेतलेला आणि आपल्या ‘राजा’चा नातलग. मराठीत ‘कीर्तिराज’ म्हणा. शेवटचा ‘एस’ म्हणजे ‘चा मुलगा’. ७११ साली अरबांशी लढताना संपलेला व्हिसिगॉथ राजा रोद्रिगोच होता.

वसईवाला:
वा! पण लगेच फेटा बांधत नाही. आमचे पूर्वज इथलेच, घरात सामवेदी बोली. पोर्तुगीज काळात बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव लागायचं, तसं लागलं. गॉथांकडून पोर्तुगीजांना, पोर्तुगीजांकडून आम्हाला. रक्त कुणाचंच आलं नाही.

मुळाक्षर:
हेच मघापासून सांगायचा प्रयत्न करतोय. तुम्ही चार ओळींत उरकलंत. आता याच वाटेने आलेला दुसरा पाहुणा बघा: हापूस. पोर्तुगीज ‘आफोन्सो’चा आफूस, आफूसचा हापूस. आंब्याला हे नाव १५१०मध्ये गोवा घेणाऱ्या आफोन्सो द आल्बुकर्कवरून पडलं असं मानतात. आणि ‘आफोन्सो’, ‘अल्फोन्सो’ हे पुन्हा व्हिसिगॉथांचं नाव. पहिल्या पदाचा अर्थ कुणी ‘कुलीन’ लावतं, कुणी ‘लढाई’. दुसरं पद ‘फुन्स’, म्हणजे तयार.

शब्दवेडी:
‘तयार’! पेटीतला आंबा दाबून आपणही तेच विचारतो.

लेणीवेडा:
उशिरा आलो, पण जुन्नरचं कुणी काढलंच नाही? तिथल्या लेण्यांत लेख आहे: ‘यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो’. गतांपैकी यवन (तेव्हाच्या भाषेत ग्रीक किंवा पश्चिमेकडचा परदेशी) इरिल याचं दान, दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी. दुसरा लेख चिट नावाच्या यवनाचा, तोही ‘गतानं’. त्याने संघाला भोजनमंडप दिला. १९१२ साली नॉर्वेचे संस्कृतज्ञ स्टेन कोनोव यांनी मांडलं की हे ‘गत’ म्हणजे गॉथ, आणि इरिल हे गॉथिक धाटणीचं नाव. म्हणजे शिवनेरीच्या पंचक्रोशीत गॉथ!

मुळाक्षर:
मोह मलाही होतो. पण ‘गत’ म्हणजे ‘गर्त’, एखाद्या प्रदेशाचं नाव, असंही अभ्यासकांनी सुचवलंय. कार्ल्याच्या खांबांवरचे यवनही आपलं गाव सांगतात, धेनुकाकट. त्या रीतीत हा अर्थ जास्त बसतो. नुसत्या आवाजावर जाऊ नये. योर्डानेसनेच ‘गेताए’ या निराळ्या लोकांना गॉथ समजून त्यांचा इतिहास आपल्या पुस्तकात ओतला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी कर्नल टॉडने त्याच गेताएंना राजस्थानच्या जाटांशी जोडलं. ‘गत’ तिसरा नको.

लेणीवेडा:
मान्य, थोडा हिरमुसून. पण ‘बे पोढियो’मधला ‘बे’ तरी आपला ना? बे एके बे, बे दुणे चार?

मुळाक्षर:
तो शंभर टक्के.

चौकस:
सगळं भाचीला वाचून दाखवलं. वासारीची शिवी तिला फार आवडली, हापूसचं पटलं नाही. आता जुन्नरला चल म्हणून मागे लागली आहे. म्हटलं चल, पण त्या काळ्या कपड्यांत मे महिन्यात नको.