कादंबरीतली एपोनीन रंगमंचावर एवढी साधी कशी झाली?

तिसरी_घंटा
'ले मिझराब्ल'च्या संगीतरूपातली एपोनीन म्हणजे त्यागाची मूर्ती. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीत (१८६२) मात्र ती जिच्यावर मारिउसचं प्रेम आहे त्या कोझेतने मारिउसला लिहिलेली चिठ्ठी दाबून ठेवते, कारण मारिउस तिलाही हवा असतो. तिच्या बापाचा, तेनार्दियेचा, तर पार विदूषक केलाय. हे नुसत्या काटछाटीत झालं की मुद्दाम? एका कादंबरीचं संगीत नाटक करायचं घाटतंय, म्हणून विचारतोय.

विंगेतून
मुद्दाम. कादंबरीत अंधारातून हाक देऊन मारिउसला बॅरिकेडवर (बंडखोरांनी रस्त्यात रचलेल्या अडथळ्यावर) धाडणारी एपोनीनच. मारिउस आणि आपण दोघंही तिथे मरावं, हा तिचा हिशेब. आणि ऐन वेळी त्याच्यावर रोखलेल्या बंदुकीच्या नळीवर तीच हात ठेवते! निवेदक समजावत असतो म्हणून वाचकाला हे पचतं. रंगमंचावर तिचं कपट आधी दिसलं, तर तिच्या सोलोला (एकटीच्या गाण्याला) कुणाचे डोळे भरून येतील?

म्हणून चिठ्ठीची दिशाच फिरवली. मारिउसची चिठ्ठी ती इमानाने कोझेतकडे नेते आणि कोझेतला वाढवणारा माजी कैदी व्हालजाँ ती दारातच घेतो. मुळात ही कामगिरी गाव्रोशची. तो तिचा सख्खा भाऊ, पण नाटकात ते नातंही सांगत नाहीत.

तो सोलोसुद्धा आधी तिचा नव्हता. १९८० साली पॅरिसला ती चाल कोझेतची आई फाँतीन गायची. १९८५ च्या लंडनच्या प्रयोगात ती एपोनीनकडे आली.

जुनी_संहिता
तेनार्दियेचं मूळ वॉटर्लूत आहे. रणांगणावर तो मारिउसच्या जखमी बापाला लुटतो, आणि बापाला वाटतं यानेच आपल्याला वाचवलं. त्या उपकाराच्या ओझ्यामुळे मारिउसला त्याला पोलिसांच्या हवाली करवत नाही. नाटकात वॉटर्लूच नाही, त्यामुळे तो पेच गेला आणि उरला फक्त गल्लाभरू खानावळवाला. दोन मरणांच्या मध्ये प्रेक्षकाला श्वास घ्यायला तो कामी येतो, हे खरं. पण ह्यूगोने शेवटी त्याला अमेरिकेत गुलामांचा व्यापारी केलाय, ती धार पुसली गेली हेही खरं.

फाँतीनचंही बघा. कादंबरीत व्हालजाँच्या कारखान्यातली देखरेख करणारी बाई तिला ५० फ्रँक हातावर ठेवून काढते, व्हालजाँला पत्ताच नसतो. नाटकात लंपट मुकादम काढतो, तेही व्हालजाँ येऊन गेल्यावर. दोष व्यवस्थेकडून माणसाकडे सरकला. मला हा बदल ढोबळ वाटतो, पण चार मिनिटांत समजतो.

विंगेतून
@तिसरी_घंटा, प्रत्येक पात्रापुढे तीन रकाने करा: काय लपवतो, कुणापासून, गाण्यात काय कबूल करतो. तिसरा रिकामा राहिला तर त्याला सोलो देऊ नका. आणि निवेदकाची जी वाक्यं कुणाच्याच तोंडी बसत नाहीत, ती चालीवर सोपवा. चोरी माफ करणाऱ्या बिशपच्या दयेनंतर व्हालजाँ जी चाल गातो, तीच त्याच्या मागावरचा पोलीस अधिकारी जाव्हेर, व्हालजाँने जीवदान दिल्यावर, आत्महत्येआधी गातो. एकजण दया स्वीकारतो, दुसऱ्याला ती झेपत नाही. ह्यूगोला पानंच्या पानं लागली, इथे चालीने भागलं.

तिसरी_घंटा
आणि कोझेत? ती इतकी फिकी का?

जुनी_संहिता
लपवायला तिच्याकडे काही ठेवलंच नाही. शिवाय सगळी सहानुभूती एपोनीन घेऊन गेली. दोन नायिका आणि एकच प्रियकर असला की जिचा सोलो भारी, तिचंच नाटक होतं. तुमच्या संहितेत हे आधीच तपासा, तालमीत दुरुस्त होत नाही.