लाडूला विमानाने न्यावं का? सोसायटीच्या ग्रुपवरून

वैशाली, ए-२०४: नमस्कार सगळ्यांना. यांची मुंबईला बदली झाली, जूनच्या पहिल्या आठवड्यात जॉइन व्हायचं आहे. सामान ट्रकने जाईल, आम्ही दोघं विमानाने जायचा विचार करून राहिलो. प्रश्न लाडूचा आहे. पग आहे, पिशवीसकट अकरा किलो भरतो. नागपूरहून कोणी कुत्रं विमानाने नेलं आहे का?

प्राजक्ता, बी-२०१: आम्ही चिनीला दिल्लीला नेलं होतं. ती पॉमेरेनियन, वजनाने हलकी, म्हणून कॅबिनमध्ये जमलं. तू आधी एवढं लक्षात घे की इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही आणि सोनेगाव विमानतळावरून जास्त विमानं त्यांचीच सुटतात. एअर इंडिया घेते. तिकिटाचे पैसे भरायच्या आधी फोन करून कुत्र्याची जागा पक्की कर, कारण एका विमानात मोजकेच प्राणी घेतात. वजन पिशवीसकट धरतात आणि मर्यादा बदलत राहते, तेव्हा जुन्या माहितीवर जाऊ नको.

प्राजक्ता, बी-२०१: आणि सिक्युरिटीत कुत्र्याला पिशवीतून बाहेर काढावं लागतं. पिशवी एक्स-रे मशीनमधून जाते, कुत्रं आपण हातात धरून न्यायचं. तिथे गर्दी, आवाज, ट्रे आपटतात. चिनी एवढी बिथरली की पट्टा हाताला दोन वेढे देऊन धरला होता म्हणून बरं. साधा गळपट्टा घालू नको, मान आखडून सुटतात. छातीवरून जातो तो हार्नेस घाल.

सुनील काका, सी-१०१: एवढं टेन्शन कायले घेता? निघायच्या आधी झोपेची अर्धी गोळी द्यायची. मुंबई येईपर्यंत डोळा उघडत नाही.

डॉ. मीना, बी-५०२: काका, कळकळीने सांगते, हे कोणी करू नका. गुंगीचं औषध रक्तदाब खाली आणतं आणि शरीराचं तापमान सांभाळायची ताकद कमी करतं. पिंजरा हलला तर कुत्र्याला तोल सावरता येत नाही. ओकारी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि खाली सामानाच्या कप्प्यात ते बघायला कोणी नसतं. अमेरिकेतली पशुवैद्यकांची संघटना आणि विमान कंपन्यांची आयाटा, दोघीही प्रवासात गुंगी देऊ नका असंच सांगतात. पगला तर अजिबातच नाही. गुंगीत घशाचे स्नायू सैल पडतात आणि त्याची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते.

सुनील काका, सी-१०१: बरं झालं सांगितलं ताई. मला कोणीतरी असंच सांगितलं होतं.

वैशाली, ए-२०४: मीनाताई, कॅबिनमध्ये वजनात बसला नाही तर खाली सामानात पाठवतात म्हणे. तिथे हवा असते ना?

डॉ. मीना, बी-५०२: हवा असते. ज्या कप्प्यात प्राणी ठेवतात तिथे हवेचा दाब प्रवाशांच्या केबिनसारखाच राखतात, तापमानही सांभाळतात. लोकांना वाटतं वर आकाशात कुत्रं गारठतं किंवा गुदमरतं. खरा धोका खाली, जमिनीवर आहे. चेक-इन झाल्यावर पिंजरा आपल्या हातून जातो. तो ट्रॉलीवर उभा असतो, मग विमानाजवळ काँक्रीटवर, मग दार बंद झालेल्या विमानात, आणि विमान सुटायला उशीर झाला की तिथेच. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, २५ मेला लागतो, तू निघणार त्याला लागून. सावलीत ४५ अंश असताना त्या काँक्रीटवर काय होत असेल याचा विचार कर. अमेरिकेत सरकारी नियमच आहे की विमानात चढवता-उतरवताना प्राण्याला २९.५ अंशांच्या वरच्या उष्णतेत ४५ मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. आपल्याकडे मे महिन्यात कधीकधी पहाटेसुद्धा तेवढं असतं.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडा पंजांच्या गादीला येतो तेवढाच. तो धापा टाकून थंड होतो. ओल्या जिभेवरून, नाकातून भराभर हवा खेळवायची, हीच त्याची सोय. लाडूच्या नाकपुड्या जवळून पाहा, दोन बारीक फटी आहेत. मागे घशात मऊ टाळू लांब आहे, ती वाटेत लोंबते. झोपल्यावर तो घोरतो ते त्यामुळेच. त्याने धापा टाकायला सुरुवात केली की त्या मेहनतीनेच अंग आणखी तापतं आणि घसा सुजतो. एकदा हे चक्र सुरू झालं की बंद पिंजऱ्यात ते थांबवायला कोणी नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०५ च्या पुढे गेलं की उष्माघात धरायचा.

अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०१० मध्ये पाच वर्षांचे आकडे काढले होते. विमान प्रवासात १२२ कुत्री दगावल्याची नोंद होती, त्यातली साधारण निम्मी चपट्या तोंडाची. म्हणून पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू यांना सामानाच्या कप्प्यात पाठवायला माझा ठाम नकार असतो. तसा प्रवास झेपेल असं सर्टिफिकेट माझ्या हाताने मी देणार नाही.

निखिल, डी-४०४: ताई बरोबर सांगून राहिल्या. माझ्या मावसभावाचा बीगल गेल्या उन्हाळ्यात आणला. विमान लेट झालं, पिंजरा बाहेर ठेवला होता. घरी पोचला तेव्हा उभं राहता येत नव्हतं, हिरड्या लाल विटेसारख्या. सलाइन लावावं लागलं, वाचला. कंपनीने उशिराचं कारण दिलं, बाकी काही नाही.

सेक्रेटरी: मध्येच लिहितो, माफ करा. उद्या सकाळी ओव्हरहेड टाकी धुवायची आहे, ८ ते ११ पाणी बंद. सर्वांनी भरून ठेवावं.

कुंदा काकू, डी-३०३: मीना, आमच्या शेरूचंही सांग गं. मुलगा बंगळूरहून मागे लागला आहे, लॅब्रॅडॉर इकडे पाठवून द्या म्हणून. तीस-बत्तीस किलोचा गडी, त्याला तर खालीच जावं लागेल.

डॉ. मीना, बी-५०२: काकू, शेरू जाऊ शकतो, पण आत्ता नाही. बंगळूरला थेट जाणारं आणि कुत्रं घेणारं विमान मिळालं नाही तर मुंबई किंवा दिल्लीला बदलावं लागेल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरचा मुक्काम दुप्पट. नोव्हेंबरमध्ये न्या. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं असतं, विमानं तासन् तास अडकतात. तेव्हा दिल्लीमार्गे नकोच.

हाताशी वेळ आहे तर पिंजऱ्याचं काम आत्ताच सुरू करा. माझ्या मते अर्धी सुरक्षितता त्यातच आहे. माप असं: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी घ्यायची, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवायचा, ती पिंजऱ्याची लांबी. खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट रुंदी. उभा असताना डोक्याचं किंवा कानाचं टोक, जे उंच असेल ते, अधिक खालच्या अंथरुणाची जाडी, ती उंची. समजा शेरू ९० सेंटिमीटर लांब, कोपर ३२ वर आणि खांदे २२ रुंद, तर पिंजरा १०६ लांब आणि ४४ रुंद लागेल. त्याला आत उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. वरचा-खालचा भाग धातूच्या नट-बोल्टने जोडलेला हवा, नुसत्या प्लास्टिकच्या खटक्यांवर विसंबू नका. पाण्याची वाटी दाराला आतून लावलेली, बाहेरून भरता येईल अशी. चाकं काढून टाकायची.

पिंजरा आला की हॉलमध्ये कूलरसमोर ठेवा, दार उघडं. आपली जुनी न धुतलेली चादर आत टाका, त्याला आपला वास लागतो. जेवण आतच द्या. ढकलून घालू नका. आपणहून जाऊन झोपायला लागला की दार मिनिटभर लावायचं, मग पाच मिनिटं, मग रात्रभर. आठवडे लागतात. पहिल्यांदाच कोंडलेला कुत्रा घाबरून दाराची जाळी चावतो, दात तुटतात, नखं निघतात. मी अशी कुत्री तपासली आहेत.

प्रवासाच्या दिवशी चार-पाच तास आधी हलकं जेवण, पाणी मात्र थांबवायचं नाही. आदल्या रात्री वाटीत पाणी गोठवून ठेवलं तर पिंजरा उचलताना सांडत नाही आणि हळूहळू वितळून मिळत राहतं. विमानात बसल्यावर एअर होस्टेसला सांगायचं, खाली जिवंत प्राणी आहे, कॅप्टनला माहीत आहे का ते विचारून सांगा. लाजायचं नाही. कप्प्याचं तापमान कॉकपिटमधून बघितलं जातं.

प्राजक्ता, बी-२०१: कागदांचंही सांगा ताई. आमच्या वेळी काउंटरवर लसीचं पुस्तक पानन् पान पाहिलं.

डॉ. मीना, बी-५०२: रेबीजची लस चालू असायला हवी. पहिल्यांदाच टोचत असाल तर निदान महिनाभर आधी. फिट-टू-फ्लाय, म्हणजे कुत्रा विमान प्रवासाला ठीक आहे असं डॉक्टरचं सर्टिफिकेट, किती तास आधीचं चालतं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, तेवढं विचारून मगच डॉक्टरकडे जा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासणी होते. आणि डॉक्टरला छाती नीट ऐकायला लावा. नुसता शिक्का घेऊन येऊ नका.

वैशाली, ए-२०४: म्हणजे लाडूचं विमान रद्दच समजू? रडू येऊन राहिलं ताई. त्याला सोडून जाणं शक्य नाही.

डॉ. मीना, बी-५०२: सोडून कशाला जायचं? ट्रेनने न्या. फर्स्ट एसीत दोन बर्थचा कूपे पूर्ण तुमचा असेल तर कुत्रा सोबत बसतो. तुम्ही दोघंच आहात, बरोबर जमतं. सेकंड आणि थर्ड एसीत चालत नाही. दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा आणि कूपेसाठी रेल्वेकडे आधी अर्ज द्या, कारण कूपे मिळाला की नाही ते चार्ट लागताना कळतं. स्टेशनवर लवकर जाऊन पार्सल ऑफिसात लाडूची पावती करायची. दुरांतो रात्री सुटते, सकाळी सीएसएमटी. ऊन लागायचा प्रश्न नाही आणि तो पूर्ण वेळ तुमच्या नजरेसमोर. गार्डाच्या डब्यातल्या डॉग बॉक्समध्ये मात्र या दिवसांत टाकू नका.

निखिल, डी-४०४: कूपे नाही मिळाला तर गाडीने जा वहिनी. समृद्धी आता पूर्ण सुरू आहे, ७०१ किलोमीटर. रात्री निघा, एसी चालू ठेवा. चहाला उतरलात तर एकाने गाडीत बसायचं, लाडूला बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका.

वैशाली, ए-२०४: यांच्याशी बोलले. दुरांतोचं पाहतो, नाहीच जमलं तर गाडी. विमान नाही.

डॉ. मीना, बी-५०२: छान. निघेपर्यंत त्याचं जेवण थोडं कमी कर, पोळीचे तुकडे आणि बिस्किटं पूर्ण बंद. पगच्या अंगावरचा प्रत्येक जास्तीचा किलो त्याच्या श्वासावर बसतो.

कुंदा काकू, डी-३०३: मुलाला नोव्हेंबर सांगितलं, तो हो म्हणाला. पिंजरा मागवते. मीना, माप घ्यायला येशील का? माझ्याकडून तो उभाच राहत नाही.

डॉ. मीना, बी-५०२: रविवारी सकाळी येते टेप घेऊन. साडेसहाला त्याला फिरवून आणा, मग उभा राहील.