'डार्क नाइट रिटर्न्स'चा पुढचा भाग मूळ कॉमिकच्या तोडीचा आहे का?

अनवट:
(दोन्हींचं कथानक उघड करून लिहितोय. वाचायचे असतील तर इथेच थांबा.)

फ्रँक मिलरचं 'द डार्क नाइट रिटर्न्स' माझं सर्वांत आवडतं कॉमिक. १९८६ सालचे चार अंक. दहा वर्षं मुखवटा उतरवून बसलेला ५५ वर्षांचा ब्रूस वेन, म्हणजे बॅटमन, पुन्हा रस्त्यावर उतरतो आणि पहिल्या रात्रीपासून त्याचं अंग ठणकायला लागतं. मला भावतं ते हेच. म्युटंट टोळीचा म्होरक्या त्याला मरणाचा मारतो; त्याची नवी रॉबिन, म्हणजे साथीदार, झालेली १३ वर्षांची कॅरी मधे पडली नसती तर गोष्ट तिथेच संपली असती. पुढच्या खेपेला ब्रूस त्याला चिखलात उतरवतो, कारण चिखलात तरणाबांड गडीही मंदावतो. म्हातारा माणूस डोक्याने लढतो आणि प्रत्येक ठोशाची किंमत मोजतो.

आता 'द डार्क नाइट स्ट्राइक्स अगेन'. २००१ च्या शेवटी सुरू होऊन २००२ मध्ये संपलेले तीन अंक. चित्रं वाईट म्हणून तो फसला, असं बहुतेक जण म्हणतात. मला चित्रांपेक्षा शेवट खुपला. डिक ग्रेसन, म्हणजे पहिला रॉबिन, तिथे विकृत खुनी होऊन परततो, आणि ब्रूस त्याला नालायक ठरवून, हिणवत संपवतो. मूळ कॉमिकमध्ये याच ब्रूसने मेलेल्या जेसनचा, म्हणजे दुसऱ्या रॉबिनचा, पोशाख गुहेत काचेच्या कपाटात जपून ठेवला होता! ते कपाट पाहिलेल्या वाचकाने हा शेवट कसा स्वीकारायचा? तुम्हाला हे पटलं का? कुणाला पटलं असेल तर मला खरंच समजून घ्यायचंय.

निळी_शाई:
डिकबद्दल सहमत. पण चित्रं अशी बाजूला काढता येणार नाहीत. मूळ अंकांत मिलरच्या पेन्सिलवर क्लाउस जॅन्सनची शाई होती. पुढच्या भागात मिलरने शाईही स्वतःच केली. रंग दोन्हीकडे लिन व्हार्लीचेच, पण पहिल्यात हाताने दिलेले, धुरकट. दुसऱ्यात संगणकावरचे, भडक.

त्याहून महत्त्वाची पानाची मांडणी. मूळ कॉमिकचा पाया १६ चौकटींचं पान. बातम्या, टीव्हीवरचे चेहरे, ब्रूसचं स्वगत, सगळं त्या बारक्या खणांत कोंबलेलं. आपण गुदमरत वाचत जातो आणि पान उलटलं की अचानक पानभर एकच चित्र: वीज कडाडतेय आणि तो हवेत झेपावलाय. आधीचा कोंडमारा नसता तर त्या झेपेत काही राम नव्हता. दुसऱ्या भागात जवळजवळ प्रत्येक गोष्टच प्रचंड आकारात येते. मग मोठं कशाला म्हणायचं? ब्रूसचं वय जाणवत नाही याचं अर्धं कारण मला यात दिसतं. थकवा दाखवायला बारीक बारीक चौकटी लागतात.

रातकिडा:
मी उलट बाजूने. तुम्ही दोघं पुढच्या भागात पहिलाच भाग शोधताय. ही गोष्ट मुळी ब्रूसची नाहीच. पहिल्या अंकात तो जवळजवळ दिसतच नाही. आघाडीवर आहे कॅरी, आता कॅटगर्ल झालेली. ती अ‍ॅटमला, म्हणजे हवं तितकं लहान होऊ शकणाऱ्या नायकाला, सोडवते. तो कुठे कोंडलेला असतो, तर प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत, जंतूंशी झुंजत! विजेच्या वेगाने धावणाऱ्या फ्लॅशला वीज तयार करण्यासाठी अखंड पळत ठेवलेलं असतं. ज्यांच्यात इतकी ताकद, त्यांनाच सत्तेने कसं जुंपलंय, हे दोन प्रसंगांत कळतं.

आणि १९८६ नंतर काय झालं ते आठवा. मिलरची नक्कल करत सगळेच नायक काळवंडले. त्याच मिलरने परत येऊन रंग उधळले, जुन्या नायकांना मोकळं केलं, हे मला धाडसाचं वाटतं. राष्ट्राध्यक्ष म्हणजे संगणकाने बनवलेली प्रतिमा, मागून सूत्रं हलवतो सुपरमॅनचा वैरी लूथर. आज ती पानं वाचून अंगावर काटा येतो. काम चालू असतानाच ११ सप्टेंबरचा हल्ला झाला. सुपरमॅनच्या शहराची, उद्ध्वस्त मेट्रोपोलिसची चित्रं त्या काळात वाचणाऱ्यांना कशी लागली असतील, याचाही विचार करा.

डिकचा शेवट मलाही क्रूर वाटतो. पण ब्रूस तेव्हा स्वतःही मरायला तयार असतो, सुपरमॅन त्याला ओढून वर काढतो. तो निव्वळ मस्तीत मारत नाही.

अनवट:
रातकिडा, कॅरीबद्दलचं म्हणणं मान्य. तिच्यासाठी पहिला अंक पुन्हा वाचेन, आणि फ्लॅशची पानं तर मलाही आवडली होती.

पण मरायला तयार असणं पुरेसं नाही. मूळ कॉमिकमध्ये जोकरसमोर आयुष्यभराचा राग हातात एकवटलेला असताना ब्रूस थांबतो. उरलेली मान जोकर स्वतःच मुरगळून घेतो. सर्वांत मोठ्या वैऱ्याला न मारणारा माणूस स्वतः वाढवलेल्या पोराला कसा मारतो, यासाठी गोष्टीत काही पानं खर्च व्हायला हवी होती. ती कुठे आहेत? सुपरमॅनला धडा शिकवायलाही क्रिप्टोनाइटचे भलेमोठे हातमोजे चढवले की काम झालं. मूळ कॉमिकमधल्या सुपरमॅनशी लढाईत तिथवर पोचायला ब्रूसच्या हृदयाचे ठोके पणाला लागले होते.

निळी_शाई:
मग तिसरी मालिका बेताने वाच. २०१५ ते २०१७, मिलरसोबत लेखक ब्रायन अझरेलो, चित्रं अँडी क्युबर्टची आणि शाईला पुन्हा जॅन्सन. रेषा बघायला समाधान वाटतं. सुरुवातीचा ब्रूस खरोखर जर्जर आहे, अगदी तुला हवा तसा. पण पुढे तो मरतो, सुपरमॅन त्याला मेलेल्यालाही जिवंत करणाऱ्या लाझरस कुंडात नेतो आणि तो तरुण होऊन बाहेर येतो. तुझ्या लाडक्या म्हातारपणावर तिथे पाणी पडतं. कॅरी मात्र त्यात बॅटवुमन होते. तेवढ्यासाठी तरी वाच.