ईईजी नॉर्मल, तरी अ‍ॅडमिट होऊन फिट यायची वाट बघायची?

सांगलीची_नीता:
भावाला (वय २६) बारावीपासून फिट येतात. दोन गोळ्या पूर्ण डोसात चालू आहेत, तरी महिन्यातून तीन-चारदा येतेच. पोटातून काहीतरी वर सरकतंय म्हणतो, मग नजर थिजते आणि ओठ चघळल्यासारखे हलतात. ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूच्या विजेच्या लहरींची नोंद) नॉर्मल आला, एमआरआयमध्ये उजवीकडे शंका आहे. डॉक्टर ऑपरेशनचं म्हणतायत, पण आधी गोळ्या कमी करून आठवडाभर व्हिडिओ ईईजी, म्हणजे तारा आणि कॅमेरा दोन्ही चालू. आई म्हणते, दवाखान्यात फिट थांबवायला जायचं की आणवायला?

तारवाला_काका:
नीताताई, मी ईईजी टेक्निशियन. दोन योग्य औषधांनी फिट थांबत नसेल, तर तिसऱ्याने थांबायची आशा कमीच. म्हणून ऑपरेशनचा विषय निघालाय.

साधा ईईजी अर्ध्या तासाचा. तेवढ्यात मेंदू गप्प बसला तर रिपोर्ट नॉर्मल, म्हणून फिटचा आजार नाही असं होत नाही. वरून दिसायला साधारण दहा चौरस सेंटीमीटर भाग एकदम पेटावा लागतो, आणि हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवणारा भाग, जिथून अशा फिट बऱ्याचदा निघतात, तो तर आत खोल. शिवाय एरवी दिसणारे स्पाइक (टोकदार लाटा) जिथे, फिट तिथूनच निघते असंही नाही. ऑपरेशनसाठी फिट निघते ती नेमकी जागा हवी, म्हणून तिची सुरुवातच पकडावी लागते. कानावरच्या तारांत सेकंदाला पाच-सात लाटांची लय धरली जाते आणि मग ती पसरते. आम्हाला हवा असतो तो पसरण्याआधीचा तुकडा.

व्हिडिओही तितकाच कामाचा. एक हात वाकडा होऊन ताठरला तर फिट बहुधा मेंदूच्या विरुद्ध बाजूची. शुद्धीवर येताना नाक पुसलं, तर बहुधा त्याच हाताच्या बाजूची. नातेवाईक नेमके तेव्हा कॅमेऱ्यासमोर उभे राहतात, काय सांगू!

घरी मात्र स्वतःहून गोळी कमी करू नका. वॉर्डात शिरेत सुई लावलेली असते, नर्स असते.

त्रिवेंद्रम_रिटर्न:
माझं त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा हॉस्पिटलमध्ये झालं. फिटपेक्षा तारा चिकटवायच्या कोलोडियनच्या वासाने जास्त वैतागलो. नर्स फिट चालू असताना एक शब्द सांगते आणि नंतर विचारते. मला कधीच आठवला नाही, पण डॉक्टरांना त्यातूनही फिटची बाजू कळते म्हणे.

सांगलीची_नीता:
काका, तरीही जागा नाही सापडली तर?

तारवाला_काका:
पेट स्कॅन (मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतो ते दाखवणारा) वगैरे जोडून बघतात. तरी एकमत झालं नाही, तर कवटीला बारीक छिद्रं पाडून तारा आत सोडतात, एसईईजी म्हणतात त्याला. पॅरिसला तालेराक आणि बांको यांनी १९५०च्या दशकाअखेर ती पद्धत बसवली. पण एमआरआयमधली उजवी बाजू आणि फिटची बाजू जुळली, तर बऱ्याचदा तिथवर जावं लागत नाही.

सोबत तुम्हीच राहा, आईंना नको. केसांना तेल नको, पुढून बटणं असलेला शर्ट घाला. आणि फिट आली की आधी खाटेजवळचं, फिट आल्याचं कळवायचं बटण दाबा, मग पांघरूण ओढा. त्याला धरू नका, हात दिसू देत.