कराची सवय लावली ती खंडणीने
१४३९ पासून खड्या फौजेसाठी फ्रान्समध्ये कायमचा कर आला असं सांगतात ते बरोबरच, पण लोकांना वर्षानुवर्षं कर भरायची सवय त्याच्या बऱ्याच आधी लागली होती. १३५६ला प्वातियेच्या लढाईत राजा जाँ दुसरा इंग्रजांच्या हाती सापडला, १३६०च्या तहात सुटकेची किंमत ठरली ३० लाख एक्यू, म्हणजे तेव्हाची सोन्याची फ्रेंच नाणी! धन्याला सोडवायला प्रजेने पैसे द्यायचे हा जुना सरंजामी रिवाजच, त्यामुळे मीठ, दारू, विक्रीचा माल सगळ्यावर कर बसवला तरी फारसं कुणाला विचारावं लागलं नाही.

गंमत म्हणजे खंडणी पूर्ण कधी दिलीच नाही, सुटलेला राजा परत लंडनला कैदेत गेला आणि १३६४ला तिथेच वारला, कर मात्र चालूच. फ्रँक हे नाणंही तेव्हाचंच, त्यावर हेच महाशय घोड्यावर तलवार उगारून!