मदत हवी आहे: निफाडच्या बागेतले बारा कॅमेरे तिसऱ्या रात्री मान टाकतात

मांडवाखाली
नमस्कार मंडळी. नोकरी नाशकात अंबडला, बाग निफाड तालुक्यात. तीन एकर द्राक्ष, साधारण चौकोनी तुकडा. उत्तरेच्या बांधाला लागून शेजाऱ्यांचा ऊस, दक्षिणेला शिवाररस्ता आणि फाटक. बाकी दोन बाजूंना चुलत्यांची घरं आहेत, तिकडून काळजी नाही.

गेल्या हंगामात काढणी चार दिवसांवर आली असताना रात्रीतून कुणीतरी दोन ओळी साफ केल्या. शिवाय उसात बिबट्या. सालदार रात्रीच्या पाण्याला जायला नाही म्हणतो आणि त्याचं काहीच चुकत नाही.

म्हणून स्वतःच जुळवाजुळव केली. बारा ईएसपी३२-कॅम (वायफायवाले छोटे कॅमेरा-बोर्ड), प्रत्येकाला २६०० एमएएचचे दोन १८६५० लिथियम सेल समांतर, व्होल्टेज वाढवून पाच करणारा बूस्टर, ३ वॉटचं सोलर पॅनल. मांडवाच्या अँगलला चार-चार असे तीन रांगांत बांधलेत. संध्याकाळी सात ते सकाळी सहा, दर मिनिटाला एक फोटो, एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारत गोठ्यावरच्या राउटरपर्यंत.

अडचणी:
तिसऱ्या रात्री सगळे बंद. गोठ्याजवळचे दोन तर दुसऱ्याच रात्री जातात, आणि ते गेले की मागचे जिवंत असूनही काही दिसत नाही.
दुसरं म्हणजे ऑक्टोबर छाटणीनंतर पहिले काही आठवडे छान दिसत होतं, आता पानांशिवाय फोटोत काही नाही.

मोठी बॅटरी घ्यावी की कॅमेरे वाढवावेत? खर्च आधीच घरात बोलणी खाण्याइतका झालाय.

कादवाकाठ
सरळ दोन कुत्री पाळा की.

मांडवाखाली
दादा, बिबट्या आहे म्हटलं ना वर. त्याच्या जेवणाची सोय कशाला करू?

ओहमचा_चेला
आधी बेरीज-वजाबाकी करू. तुमचे दोन सेल म्हणजे ५.२ अँपिअर-तास गुणिले ३.७, साधारण १९ वॉट-तास. वायफाय जागं ठेवून हा बोर्ड बूस्टरच्या गळतीसकट एक वॉटच्या थोडा वर खातो असं धरा. अकरा तासांचे झाले १२. पॅनलमधून दिवसाला खरे हातात येणार ८, फार तर ९. पहिल्या रात्रीनंतर उरले ७, दिवसा १५ झाले, दुसऱ्या रात्रीनंतर ३, परत ११. तिसरी रात्र १२ मागते. बॅटरी दुप्पट केलीत तरी रोजची तूट तीच, मरण फक्त आठवड्याच्या शेवटावर ढकललं जाईल.

गोठ्याजवळचे दोन स्वतःचे फोटो पाठवून वर दहा जणांचं ओझं वाहतात. अशा जाळ्यात राउटरजवळचे नेहमी आधी मरतात. ते उड्या मारणं बंद करा. गोठ्यावर मांडवाच्या वर येईल असा पाइप उभा करून त्यावर बाहेरचा राउटर बसवा आणि प्रत्येक कॅमेरा थेट त्याच्याशी बोलू दे. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला ओली पानं अजिबात सोसत नाहीत, त्यामुळे उंची हाच उपाय. बोर्डावर बाहेरच्या अँटेनाची जागा असते, पण तिथला इवलासा रेझिस्टर हलवावा लागतो. हात थरथरत असतील तर दुकानातून करून घ्या.

त्रिकोणमिती
मला मूळ प्रश्नच चुकलेला वाटतो. तुम्ही बाग बघताय.

त्या भिंगाचा कोन साधारण ६५ अंश. रात्री इन्फ्रारेड दिव्यावर माणूस ओळखू येईल असं अंतर १२ मीटर धरू. एका कॅमेऱ्याला दिसणारी पाचर झाली ८० चौरस मीटरच्या आसपास. तीन एकर म्हणजे १२ हजार चौरस मीटर. सगळं झाकायचं तर दीडशे कॅमेरे, तेही पानं नसताना.

गणितात 'आर्ट गॅलरी'चा एक प्रसिद्ध प्रश्न आहे. एन कोपऱ्यांच्या दालनाला एन भागिले तीन पहारेकरी पुरतात, हे ख्वाटाल यांनी १९७५ मध्ये सिद्ध केलं. पण तो पहारेकरी चहूकडे बघतो, कितीही लांबचं बघतो आणि झोपत नाही. आपला कॅमेरा यातलं काहीच करत नाही.

तुम्हाला हवंय ते कुंपण. आत काय चाललंय ते नको, कुणी ओलांडलं तेवढं कळलं की झालं. सेन्सर जाळ्यांवर काम करणारे याला 'बॅरियर कव्हरेज' म्हणतात. २००५ मध्ये संतोष कुमार, टेन लाय आणि अनिश अरोरा यांनी त्याचा पाया घातला. उसाचा बांध ११० मीटर. दर १२ मीटरला एक, म्हणजे नऊ-दहा कॅमेरे. दोन फाटकाला. बारा झाले, नवीन एकही नको.

मात्र कॅमेऱ्याचं तोंड उसाकडे नको, बांधाच्या लांबीने ठेवा, पहिल्याने दुसऱ्याच्या खांबाकडे बघायचं. कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात पाचर अरुंद असते, ती उणीव मागच्या कॅमेऱ्याचं रुंद टोक भरून काढतं. बांधावर पानंही नाहीत.

ओहमचा_चेला
+१. आणि हीच मांडणी पीआयआरला, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरला मानवते. पीआयआर अंगावर चालून येणाऱ्यापेक्षा आडवं जाणाऱ्याला पटकन पकडतो. बांध ओलांडणारा आडवाच जाणार.

एचसी-एसआर५०१ या नेहमीच्या पीआयआरची नजर ७ मीटरपर्यंतच. म्हणून प्रत्येक खांबावर दोन लावा, एक पुढे, एक मागे. मागे बघणाऱ्याने मागच्या खांबावरचा कॅमेरा उठवायचा, त्यासाठी १२ मीटर वायर. जुन्या ठिबकच्या नळ्या पडून असतीलच, त्यातून ओवा, उंदीर कुरतडणार नाहीत. निदान लगेच नाही.

कॅमेरा एरवी गाढ झोपेत. पीआयआर मायक्रोअँपिअरमध्ये खातो, झोपलेला बोर्ड काही मिलिअँपिअर. रात्रीतून चाळीस वेळा पंधरा-पंधरा सेकंद जागा झाला तरी दिवसाचा खर्च एक वॉट-तासाच्या आसपास. आषाढात पंधरा दिवस ऊन नाही पडलं तरी चालेल. एप्रिल-मेच्या तापलेल्या संध्याकाळी पीआयआर मंद होतो, जमीन आणि अंग सारखंच गरम असतं. पण तोवर तुमचा माल उतरलेला असेल.

इन्फ्रारेड दिवे ९४० नॅनोमीटरचे घ्या. ८५० वाले लांब पोचतात, पण अंधारात लाल ठिपके दिसतात; चोर आधी तेच काढून नेईल. ९४० ला १२ मीटर जमतात का ते एका खांबावर तपासा.

कादवाकाठ
कुत्र्याचा सल्ला मागे घेतो. बिबट्या फोटोत आला तर बघायला जाऊ नका, वनखात्याला १९२६ वर फोन लावा.

मांडवाखाली
मंडळी, उशिरा लिहितोय. उसाच्या बांधावर पाच खांब तुम्ही सांगितलं तसे केले, राउटर पाइपवर चढवला. आज अकरावा दिवस, पाचही चालू. आतापर्यंत दोन रानमांजरं, एकदा शेजारचे आबा (टॉर्च घेऊन, आमच्याच चोराच्या शोधात) आणि ढीगभर वटवाघळं. बाकीचे पाच खांब आणि फाटक येत्या रविवारी.

एक नवीन त्रास. काल ब्लोअरने बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारलं, कडेच्या ओळींजवळच्या दोन भिंगांवर निळसर पांढरा थर बसलाय. पुसून ओरखडे पडतील का?

कादवाकाठ
आधी पाण्याने भिजवून मगच पुसा, चुना असतो त्यात. आणि पुढच्या वेळी, मणी गुलाबी पडू नयेत (पिंकबेरी) म्हणून घडांना पेपर लावता ना, त्यातलाच एक फवाऱ्याआधी कॅमेऱ्याला गुंडाळा. फक्त नंतर काढायला विसरू नका. आमच्या पुतण्याने तीन रात्री नुसता कागद बघितलाय.